प्रॉमचं पावतीपुस्तक

अमेरिकेतल्या मराठी घरांत एप्रिल उजाडला की मला एक फोन हमखास येतो. "अगं, तुझी मुलगी प्रॉमला कोणाबरोबर गेली होती? आणि ड्रेस केवढ्याला पडला?" प्रश्न याच क्रमानं येतात, मुलगा आधी आणि पैसे नंतर. मी जमतील तशी उत्तरं देते. पण मला जे सांगायचं असतं ते कोणी विचारतच नाही. माझी मुलगी अकरावीत असताना तिच्या वर्गाची खजिनदार होती. प्रॉमची, म्हणजे हायस्कूलच्या वर्षअखेरीच्या नाचाच्या समारंभाची, रात्र मी फोटोत पाहिली, त्याआधीचे आठ महिने मात्र जेवणाच्या टेबलावर रोज पाहिले. शाळांनी प्रॉम जपावा असं मला वाटतं ते या आठ महिन्यांसाठी. आणि नेमके तेच आता मुलांच्या हातून निसटत चाललेत.

ज्यांना हा प्रकार फक्त सिनेमातून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. 'क्लास' म्हणजे एक तुकडी नव्हे, त्या वर्षीची सगळीच्या सगळी मुलं. या क्लासचे निवडून आलेले अध्यक्ष, सचिव, खजिनदार असतात आणि एखादा शिक्षक त्यांचा सल्लागार असतो. पैसे शाळेच्या खात्यात क्लासच्या नावानं जमा होतात. अकरावीला ज्युनियर म्हणतात, बारावीला सिनियर. पूर्वी बऱ्याच गावांत ज्युनियरांनी वर्गणी काढून बारावीच्या मुलांना निरोपाची मेजवानी द्यायची आणि मग सगळ्यांनी नाचायचं, अशी रीत होती. मिडवेस्टात अजूनही अनेक ठिकाणी प्रॉमचे यजमान ज्युनियरच असतात. आमच्या न्यू जर्सीसारख्या भागात मोठ्या शाळांत ज्युनियरांचा वेगळा आणि सिनियरांचा वेगळा असे दोन प्रॉम होतात. तिकिटाला इथली मुलं 'बिड' म्हणतात. मूळ शब्द 'प्रॉमनाड', म्हणजे जोडीजोडीनं मिरवत जाणं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कॉलेजांत रुळलेली ही चाल पुढे शाळांत उतरली.

आता आमच्या घरचा हिशेब. सप्टेंबरात तिनं खातं ताब्यात घेतलं. मग बेक सेल झाले, म्हणजे घरचे पदार्थ विकून निधी जमवणं. त्यात मी एकदा नारळाच्या वड्या पाठवल्या. त्या सगळ्यांत शेवटी संपल्या, हा माझा अपमान मी अजून विसरलेले नाही. मग चॉकलेटं आली. पुठ्ठ्याच्या हँडलवाल्या डब्यात चॉकलेटचे बार येतात, दोन डॉलरला एक विकायचा, साधारण निम्मे पैसे कंपनीला आणि निम्मे क्लासला. जानेवारीपर्यंत प्रॉमसाठी ३,६६० डॉलर बाजूला पडले. दरम्यान समितीनं एक बँक्वेट हॉल पाहून ठेवला होता. पानामागे ७२ डॉलर आणि किमान १८० पानांची हमी. डीजे आणि सजावट मिळून १,५००. एका रात्री तिनं पेपर नॅपकिनवर मांडणी केली: १२,९६० अधिक १,५००, वजा ३,६६०, भागिले १८०. बिड बरोबर ६० डॉलरचा निघाला. भागाकार नि:शेष गेला म्हणून ती नाचलीच. प्रॉमच्या आधीचा तो नाच मला जास्त आवडला.

दुसऱ्या दिवशी भांडण सुरू झालं. ज्यांनी पाच-पाच डबे चॉकलेटं विकली होती त्यांचं म्हणणं, आम्हाला बिड स्वस्त द्या, बाकीचे काय, आयते येऊन नाचणार. ऐकायला न्याय्य वाटतं. मलाही क्षणभर वाटलं, कारण आमच्या घरातूनही चार डबे गेले होते. पण ते डबे विकले कोणी? मी. ऑफिसात कॉफीच्या मशीनशेजारी डबा आणि पाकीट ठेवलं, दोन दिवसांत डबा रिकामा. तिच्याच क्लासमधल्या एका मुलाची आई रात्रपाळीला गोदामात काम करते. तिथे कॉफीचं मशीन असेलही, पण डबा ठेवायची मुभा नाही. त्याच्या डब्यातले सात बार विकले गेले. म्हणजे 'जितकी मेहनत तितकी सवलत' या शब्दांखाली खरं माप होतं ते आईबापांच्या ऑफिसांचं. ही गोष्ट सोळा वर्षांच्या मुलांना सल्लागार बाईंनी सांगितली नाही. भर सभेत एका मुलीनं सांगितली, आणि सभा गप्प झाली. मग मतदान होऊन ठरलं, सगळ्यांना भाव एकच.

मोठ्यांना हे कळायला कोर्टाची पायरी चढावी लागली होती, हे मला नंतर समजलं. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबात, म्हणजे मुलांच्या खेळासाठी निधी जमवणाऱ्या पालकांच्या मंडळात, ज्या घरानं जास्त निधी गोळा केला त्याच घराच्या खर्चात तो वळता करायची पद्धत होती. २०१३ साली टॅक्स कोर्टानं निकाल दिला, की हा धर्मादाय निधी नव्हे, हा ज्याचा त्याचा फायदा, करमाफी गेली. आमच्या पोरांनी हेच तत्त्व पिझ्झा खाता खाता पाऊण तासात शोधून काढलं.

गल्लीतल्या गणपतीचं पावतीपुस्तक ज्यांनी हातात धरलंय त्यांना यातलं काहीच परकं वाटणार नाही. आमच्या सांगलीच्या गल्लीत कोपऱ्यावरचा दुकानदार जास्त द्यायचा, वाड्यातल्या आजी पाच रुपये द्यायच्या, आरतीला उभं राहताना आणि प्रसाद घेताना दोघांचं स्थान एकच. वर्गणीचा अर्थच तो. वर्गणी आणि तिकीट यांत जो फरक आहे, तो या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

कारण अमेरिकेत प्रॉमवरून जे मोठे वाद झाले, ते नाचावरून किंवा कपड्यांवरून कमी झाले, आणि 'हा कार्यक्रम कोणाचा' यावरून जास्त. दक्षिणेकडच्या राज्यांत, वर्णावरून वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या १९५४च्या निकालानंतरही, बरीच वर्षं गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्याच राहिल्या. १९७०च्या सुमाराला कोर्टांच्या रेट्यानं त्या एकत्र झाल्या, तेव्हा अनेक शाळांनी एक हुशारीची वाट काढली: प्रॉम भरवणंच सोडून दिलं. शाळेचा कार्यक्रम नाही म्हणजे शाळेवर कायदा नाही. मग पालकांनी खाजगी प्रॉम भरवले, गोऱ्या मुलांचा एक, काळ्या मुलांचा एक. एका बाकावर बसणारी मुलं वर्षातली एक रात्र वेगवेगळ्या दारांनी आत जायची. हे फार जुनं आहे असं समजू नका. मिसिसिपीतल्या चार्ल्सटन गावात अभिनेते मॉर्गन फ्रीमन यांनी १९९७ साली सांगितलं, एकत्र प्रॉम करा, खर्च मी देतो. होकार यायला २००८ उजाडलं, आणि त्या वर्षीही काही गोऱ्या पालकांनी आपला वेगळा प्रॉम केलाच. जॉर्जियातल्या विलकॉक्स काउंटीत तर २०१३ साली चार मैत्रिणींनी, दोन काळ्या आणि दोन गोऱ्या, स्वतः पैसे उभे करून पहिला एकत्र प्रॉम घडवला. त्यानंतर, २०१४ साली, शाळेनं आपला अधिकृत प्रॉम सुरू केला. शाळेनं टाकून दिलेलं काम मुलींनी करून दाखवलं, मग शाळेला लाज वाटली असावी.

मिसिसिपीच्याच इटावाम्बा काउंटीचं उदाहरण मला याहून झोंबतं. २०१० साली एका विद्यार्थिनीनं आपल्या मैत्रिणीला जोडीदार म्हणून आणायची आणि टक्सिडो, म्हणजे पुरुषांचा समारंभाचा सूट, घालायची परवानगी मागितली. शाळा मंडळानं तिला नकार दिलाच, आणि वाद वाढल्यावर सगळ्यांचाच प्रॉम रद्द केला. फेडरल न्यायाधीशानं तिच्या हक्कांचा भंग झाल्याचं मान्य केलं, पण पालक खाजगी प्रॉम करतायत, तिला तिथे जाता येईल, या भरवशावर शाळेला प्रॉम घ्यायचा आदेश दिला नाही. ती सांगितलेल्या ठिकाणी पोचली तर तिथे जेमतेम सात मुलं. बाकीचा क्लास दुसरीकडे नाचत होता. पुढे मंडळाला ३५,००० डॉलर देऊन तडजोड करावी लागली. पण मला राहून राहून वाटतं ते त्या दुसऱ्या हॉलमधल्या मुलांचं. त्यांनाही एक धडा मिळालाच: नकोसं माणूस टाळायचं असेल तर कार्यक्रम खाजगी करावा.

म्हणून 'शाळेचं काम शिकवणं, नाचगाण्यात तिनं कशाला पडायचं' असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही, आणि असं म्हणणाऱ्यांत आपली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. शाळेनं हात झटकले म्हणून नाच थांबत नाही. तो ज्याच्याकडे पैसे आणि अंगण आहे त्याच्याकडे जातो, आणि आमंत्रणं मग तोच ठरवतो. शाळेच्या प्रॉममध्ये निदान 'हा का नाही' असं विचारता येतं. ऱ्होड आयलंडमधल्या कम्बरलंडच्या एका मुलानं १९८० साली, मित्राला प्रॉमला नेऊ द्या म्हणून फेडरल कोर्टात तोच प्रश्न विचारला आणि तो जिंकला. शेजाऱ्याच्या घरच्या पार्टीवर कोण कोर्टात जाईल?

अर्थात शाळेच्या हातात असलं म्हणजे सगळं आबादीआबाद, असंही नाही. आमच्याच राज्यात, चेरी हिल इथल्या शाळा मंडळानं २०१९ साली ठराव केला, की ज्या मुलाची दुपारच्या जेवणाची उधारी ७५ डॉलरांच्या वर गेली आहे त्याला प्रॉमला येता येणार नाही. एका माजी सुपरमार्केट-मालकानं उधारी फेडायची तयारी दाखवली, तीही मंडळानं घेतली नाही. पैसे असून न देणारे पालक त्यानं सुधारणार नाहीत, हा युक्तिवाद. त्यात तथ्य असेलही. पण कर्ज आईबापांचं आणि दारात अडवायचं मुलाला, हा सावकारी न्याय शाळेला शोभत नाही. आणि इथेच मला ते आठ महिने आठवतात. बिडचा हिशेब मुलांनी मांडलेला असेल, तर 'अमुक जण का येत नाहीत' हा प्रश्न त्यांच्या वहीत आपोआप येतो, कारण प्रत्येक न येणारा म्हणजे एक रिकामं पान आणि त्याचे ७२ डॉलर. मोठ्यांनी वरून ठराव केला की त्या मुलाचं नावच यादीतून पुसलं जातं.

पैशांबद्दल बोलायलाच हवं. व्हिसा कंपनीच्या २०१५ च्या पाहणीत एका घराचा प्रॉमवरचा सरासरी खर्च ९१९ डॉलर निघाला होता. मात्र वर्षाला २५ हजार डॉलरांहून कमी मिळवणारी घरं १,३९३ डॉलर खर्चणार होती आणि ५० हजारांच्या वरची ७९९. मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकणारा बाप ज्यांनी पाहिलाय त्यांना हा उलटा आकडा समजावून सांगायला नको. ज्याला रोज कमीपणा सोसावा लागतो तो एका रात्रीपुरतं तरी तो झाकायला बघतो. त्यावर हसणं सोपं आहे. लिमो, केस, नखं, टक्सिडोचं भाडं, आणि आता 'प्रॉमपोझल', म्हणजे तू माझ्याबरोबर येशील का हे विचारायचासुद्धा एक समारंभ! या सगळ्यात ६० डॉलरचा बिड ही सगळ्यात किरकोळ रक्कम.

या दिखाऊपणाला कंटाळून लाँग आयलंडवरच्या केलनबर्ग या कॅथलिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी २००५ साली प्रॉम रद्दच केला होता. दारू किंवा शरीरसंबंधांपेक्षा पैशाची मस्ती त्यांना जास्त खुपली, हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. रोग त्यांनी अचूक ओळखला. औषध मात्र चुकलं, असं मला वाटतं. लिमोवाले पालक रद्द केलेल्या प्रॉमनंतरही लिमो घेतातच. ज्याचं शाळेच्या जिममधल्या, म्हणजे खेळाच्या हॉलमधल्या, नाचावर समाधान होतं, त्याचंच तेवढं बुडतं.

माझ्या मते शाळांनी उलट दिशेला जायला हवं. हॉल भाड्यानं घेणं बंद करावं, शाळेचा जिम वापरावा. कोविडनंतर २०२१ साली कितीतरी शाळांनी फुटबॉलच्या मैदानावर आणि पार्किंगमध्ये तंबू ठोकून प्रॉम केले, तरी मुलांचे फोटो तितकेच हसरे आले. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या मुलीच्या क्लासचा प्रॉम थेट व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये झाला होता, आणि तरी खर्च मुलींच्या क्लासनंच भरला होता. जागा फुकट मिळाली की वर्गणीत भागतं, इतकं साधं गणित आहे. ज्याला बिड परवडत नाही त्यानं कोणाकडे तोंड वेंगाडायला लागू नये; दर वर्षी काही बिड सल्लागार शिक्षकाच्या खणात नाव न घालता ठेवलेले असावेत. आणि पालकांनी, विशेषतः माझ्यासारख्या उत्साही आयांनी, थोडं बाजूला व्हावं. हल्ली काही क्लासांत प्रॉमची समिती म्हणजे चार आया आणि एक स्प्रेडशीट. मुलं फक्त गाण्यांची यादी देतात. सगळं वेळेवर, सुबक होतं. त्यात कोणाची चूक होत नाही आणि कोणी काही शिकत नाही.

चुकीबद्दल सांगायचं राहिलंच. १८० पानांची हमी दिली होती. बिड विकले गेले १७१. नऊ जागा रिकाम्या, नऊ गुणिले साठ, ५४० डॉलरची खोट. हॉलवाला एक पैसा सोडायला तयार नव्हता, करारात लिहिलेलं होतं आणि करारावर सल्लागार बाईंच्या सहीच्या खाली माझ्या मुलीचीही सही होती. ती दोन दिवस जेवली नाही. माझ्या नवऱ्यानं चेकबुक काढलं. मी त्याला नको म्हटलं, आणि आई म्हणून तेव्हा मला ते बरोबर वाटलं की नाही हे आज सांगता येणार नाही. प्रॉम झाला. जूनच्या पहिल्या दोन शनिवारी क्लासनं शाळेच्या पार्किंगमध्ये गाड्या धुतल्या. चॉकलेटाच्या सवलतीवरून भांडलेली मुलं बादल्या घेऊन आली होती. खोट भरून काढून वर ३८ डॉलर उरले.

एक आक्षेप मला पुरता खोडता येत नाही. क्लासचे पदाधिकारी म्हणून निवडून येतात ती बहुधा लोकप्रिय मुलं. बुजरी, नवी आलेली, इंग्रजी अडखळत बोलणारी मुलं समितीत नसतातच. म्हणजे लोकशाहीचा हा सराव मूठभरांचाच. खरं आहे. आमच्या घरी खजिनदारपद आलं तेसुद्धा त्या जागेसाठी दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून. पण ज्या सभेत चॉकलेटांचा निकाल लागला तिथे बोललेली ती मुलगी पदाधिकारी नव्हती. सभा उघडी होती म्हणून ती बोलू शकली. आयांच्या स्प्रेडशीटवर तिला कुठला रकाना मिळाला असता?

पुण्या-मुंबईच्या काही इंटरनॅशनल शाळांत हल्ली प्रॉम नाइट होते. भाचीनं तिच्या शाळेतलं वर्णन सांगितलं: पालकांनी पैसे भरले, इव्हेंटवाल्यांनी हॉटेल सजवलं, मुलं गेली, नाचली, परत आली. सगळ्यांना यात संस्कृतीची चिंता वाटते, मला वेगळीच वाटते. गाऊन आला, डीजे आला, खजिनदाराची वही मात्र कस्टम्समध्येच अडकली. बरं, आपल्याकडे ही वही नव्हती असंही नाही. गॅदरिंग होतं. कॉलेजात जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा जनरल सेक्रेटरी, निवडून यायचा, गॅदरिंगचा हिशेब मागायला लोक उभे राहायचे. निवडणुकांत मारामाऱ्या झाल्या, खून पडले, म्हणून १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं त्या बंद करून गुणवत्तेनुसार नेमणुका आणल्या. २०१६च्या कायद्यानं निवडणुका कागदावर परत आणल्या, तेवढंच. मारामाऱ्या थांबायलाच हव्या होत्या. पण त्यांच्याबरोबर मुलांच्या हातचं पावतीपुस्तकही गेलं, आणि त्याचं कोणाला फारसं वाईट वाटलेलं दिसत नाही. ज्या शाळांना प्रॉम आणायचाच आहे त्यांनी खुशाल आणावा. फक्त हॉटेलचं बिल शाळेच्या ऑफिसात जाण्याआधी अकरावीच्या मुलांच्या टेबलावर ठेवावं, आणि त्यांना विचारावं, कसं करायचं?

मुलगी आता कॉलेजात आहे. धाकटा यंदा नववीत गेला. मागच्या आठवड्यात तो चॉकलेटचा डबा घेऊन घरी आला आणि सवयीनं माझ्या ऑफिसच्या बॅगेशेजारी ठेवून झोपायला गेला. सकाळी मी तो उचलून परत त्याच्या दप्तराजवळ ठेवला. काल संध्याकाळी तो रस्त्यावरच्या चौदा घरांची बेल वाजवून आला. पाच बार गेले. दोन त्यानं स्वतःच खाल्लेत आणि पाकिटात चार डॉलर टाकायला तो विसरलाय, हे मला डबा मोजल्यावर कळलं. मी अजून काही बोललेले नाही. क्लासचा खजिनदार शुक्रवारी डबे मोजून घेणार आहे.